पुलावरच्या पुतळ्याची बायको

ब्लाझेनामावशी वर्षातून एकदाच माझ्याकडे केस करून घ्यायची. मे महिन्यात, पुतळ्यापाशी पुष्पचक्र वाहायच्या आदल्या दिवशी. माझं दुकान पुलाच्या तोंडाशी, आणि ती त्याच इमारतीत वर, तिसऱ्या मजल्यावर राहायची. खुर्चीत बसली की आरशात बघून म्हणायची, "कर बाई, सजव मला. उद्या मेल्याला तोंड दाखवायचंय."

नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारी नवऱ्याची आठवण काढतेय. मला माहीत होतं, ती शिवी होती.

आमच्या स्तारी ब्रोद गावातल्या कुठल्याही पोराला विचारा, ओताकार शिमेकची गोष्ट तो घडाघडा म्हणून दाखवेल. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मन फौज पळून जाताना पुलाला सुरुंग लावून गेली. दारूच्या कारखान्यातल्या गाडीवानाने, ओताकारने, जिवावर उदार होऊन सुरुंगाच्या तारा कापल्या. पलीकडच्या काठावरून गोळी आली, तो जागीच पडला, पण राजांच्या काळापासूनचा पूल वाचला. पुलाच्या टोकाला त्याचा पुतळा आहे. भरदार छाती, हातात पक्कड, नजर दूर कुठेतरी.

"छाती कोणाची ते देव जाणे," मावशी म्हणायची. "आमच्या ह्यांची तर कोंबडीसारखी होती. आणि पक्कड? खिळा ठोकायचा असला तरी शेजाऱ्याला हाक मारायचा. हात चालायचा तो फक्त माझ्यावर."

तिच्या डाव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वळलेली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने ती दारात धरून दाबली होती, रस्सा खारट झाला म्हणून. पुढे पोटातलं मूलही त्याच्याच लाथेने गेलं. हे ती सांगायची तेव्हा आवाज चढत नसे. केसांना रोलर लावत असताना बाजारातले भाव सांगावेत तसं सांगायची.

त्या पहाटे काय घडलं ते तिने जिन्याच्या खिडकीतून बघितलं होतं. सगळी इमारत तळघरात दडून बसलेली. ओताकारला तहान लागली म्हणून ती वर पाणी आणायला आली, तर पुलाच्या कठड्याला बाहेरच्या बाजूने एक माणूस लोंबकळत होता. योसेफ लांगर, समोरच्या घरातला. छपरांचे पत्रे आणि पन्हळी बसवायचं त्याचं काम, त्यामुळे उंचावर लटकायची सवय. पत्रा कापायच्या कात्रीने तो एकेक तार तोडत होता. कठडा संपेपर्यंत तोडत गेला, वर चढला, कात्री कमरेला खोचली आणि घरी गेला. लांगर जर्मन होता. आमच्या गल्लीत जर्मन आणि चेक घरं भिंतीला भिंत लावून होती. त्याच्या आजोबांनी आमच्या चर्चचं छप्पर घातलं होतं.

उजाडल्यावर मागे राहिलेल्या एका फौजी गाडीची बातमी तळघरात पोचली. पुलाच्या मधोमध बंद पडलीय, आत बूट आहेत, डबाबंद मांस आहे. ओताकारने पोतं उचललं. मावशी म्हणाली, "अहो, अजून गोळ्या चालल्यात." तो म्हणाला, "तू तुझं थोबाड बंद ठेव." हे त्याचं शेवटचं वाक्य. त्याने एक नवा बूट चढवला, दुसरा चढवत होता, तेवढ्यात पलीकडून कोणीतरी गोळी झाडली.

"खरं सांगू?" मावशी मला म्हणाली होती. "सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं. त्या रात्री मी भीती न बाळगता झोपले."

लोक पुलावर धावले तर त्यांना काय दिसलं? कापलेल्या तारा, शाबूत पूल आणि मेलेला शिमेक. गोष्ट आपोआप तयार झाली. पोतं आणि बूट तेवढे कोणीतरी लांबवले.

मावशी गप्प बसली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. लोकांना वाटतं, तिने आयुष्यभर नवऱ्याच्या नावावर मान मिरवला. ती दुसऱ्याच दिवशी ह्लावाच मास्तरांकडे गेली. ते शाळेत शिकवायचे, आणि गावाचा कारभार बघायला जी नवी समिती झाली होती तिचे प्रमुख झाले होते.

"मास्तर, तारा माझ्या नवऱ्याने नाही कापल्या. लांगरकाकांनी कापल्या. मी डोळ्यांनी बघितलं."

मास्तर उठले, दार लावून आले. "शिमकोवाबाई," ते म्हणाले; आमच्याकडे शिमेकची बायको ती शिमकोवा. "तुम्ही दुःखात आहात."

"मी दुःखात नाहीये हो, तेच तर सांगतेय! तो बूट चोरायला गेला होता. त्याच्या एका पायात फाटका जोडा होता आणि दुसऱ्यात जर्मन साहेबाचा कोरा बूट."

"कुठले बूट? प्रेत अनवाणी होतं."

"आता असेल!"

मास्तर खुर्ची जवळ ओढून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघा बाई, या गावातली पोरं जर्मनांनी भिंतीपाशी उभी करून मारलीत. आज रस्त्यात एखाद्या जर्मनाचं नाव चांगलं घ्याल, तर लोक आधी तुम्हाला तुडवतील, मग त्याला घरातून ओढून काढतील. लांगरचं भलं चिंतत असाल तर जिभेला आवर घाला."

ती तशीच लांगरकडे गेली. त्याच्या दंडावर पांढरी पट्टी आली होती. सगळ्या जर्मनांना बांधायला लावली होती. तो कामाच्या टेबलापाशी नुसता बसला होता.

"लांगरकाका, तुम्ही स्वतः सांगा. मी साक्ष देते."

"मी सांगितलं की विचारतील, तारा कुठे होत्या ते तुला कसं कळलं? म्हणजे लावायलाही तूच होतास." तो हसला. "जाऊ दे, पोरी. पूल उभा आहे ना? पाऊस लागला, छपरं गळायला लागली, की येतील मला बोलवायला. गावात हे काम दुसऱ्या कोणाला येतं?"

छपरं गळली, पण त्याला बोलवायला कोणी आलं नाही. पुढच्या वसंतात हुकूम निघाला, जर्मनांनी देश सोडायचा, हाताला लागेल तेवढं बोचकं घेऊन स्टेशनवर हजर व्हायचं. लांगर, त्याची बायको आणि नऊ वर्षांची हेडविग एक ढकलगाडी घेऊन पुलावरून निघाले. दोन्ही बाजूंना लोक उभे होते. कोणी थुंकत होतं, कोणी गाडीवरची गादी ओढून काढत होतं. मावशी गर्दीतून पुढे घुसली आणि ओरडली, "अरे, याच माणसाने हा पूल वाचवला! ज्याच्यावर उभं राहून थुंकताय तोच पूल!"

क्षणभर सगळे थांबले. मग पाववाला म्हणाला, "बिचारी. नवरा गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही." दोन बायकांनी तिला दंडाला धरलं, "चला ब्लाझेना, घरी चला, गरम काहीतरी प्या," असं म्हणत मायेने घरी आणलं. "मारलं असतं तर बरं झालं असतं," मावशी म्हणायची. "त्या मायेने माझं तोंड कायमचं बंद केलं. वेडीचं कोण ऐकतं?"

लांगरने गाडी ढकलताना तिच्याकडे फक्त एकदा बघितलं आणि मान हलवली. नको, असं.

पुढच्याच वर्षी पुतळा उभा राहिला. त्यावरचा कपडा ओढायला अर्थात हुतात्म्याची विधवा. तिने दोरी ओढली, खालून तो अनोळखी धिप्पाड पुरुष निघाला आणि बँड वाजला. बायका रडल्या. ती रडली नाही, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की वीरपत्नीने अश्रू गिळले.

मग राज्य बदललं, कम्युनिस्ट आले. जिल्ह्याहून एक कॉम्रेड आला, दगडावरचं 'राष्ट्रासाठी' खरवडून 'कामगारांच्या विजयासाठी' कोरलं गेलं आणि भाषणात सांगितलं की शिमेक गुपचूप पक्षाचं काम करायचा. मावशी कॉम्रेडला म्हणाली, "अहो, तो फक्त दारूच्या पिंपाचं काम करायचा." कॉम्रेड मोठ्याने हसला. विनोदी आहे म्हणे आमची वीरपत्नी.

त्याच सुमाराला सिरिल आला. साखर कारखान्यात फिटर, बायको वारलेली, शांत माणूस. रविवारी कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन यायचा आणि अकॉर्डियन वाजवायचा. माझी आई सांगायची, त्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यांदाच हसू ऐकू आलं. दोघांनी लग्न ठरवलं. अर्ज घेऊन गेली तर कार्यालयातल्या बाईने पेन खाली ठेवलं.

"बाई, तुम्ही शिमेकच्या पत्नी आहात."

"विधवा आहे. पाच-सहा वर्षं झाली."

"शाळेतली मुलं पुतळ्याला फुलं वाहतात. त्यांना काय सांगायचं, की शिमेकच्या बायकोने फिटर केला?"

"सांगा ना, की तिला एकदा तरी चांगला नवरा मिळाला."

अर्ज घेतला नाही असं नाही, पण पुढे सरकला नाही. सिरिलला कारखान्यात बोलावून घेतलं. काय बोलले ते त्याने कधी सांगितलं नाही. शरद ऋतूत त्याची बदली दूर ओस्त्रावाला झाली. निघताना तो जिन्यात उभा राहून म्हणाला, "ब्लाझेना, मी जिवंत माणसाशी भांडलो असतो गं. याच्याशी कसं भांडू?" ती म्हणाली, "मी त्याच्याशी सहा वर्षं भांडले. मेल्यावर तो आणखी ताकदवान झालाय." मग सिरिल गेला. एक-दोनदा ख्रिसमसला कार्ड आलं, पुढे तेही बंद झालं.

मी दुकान हातात घेतलं तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली, ताठ, टोचून बोलणारी बाई होती. पोस्टात टपाल छाटायचं काम करायची. घरात नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. पाहुणे येणार असले की नगरपालिकेचा माणूस येऊन एक टांगून जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत न्यायचा.

पुन्हा राज्य बदललं, कम्युनिस्ट गेले. विजयदिनाचा समारंभ नऊ मेऐवजी आठ मेला आला, तेवढाच फरक. नवा महापौर तरुण होता, आधी नाटकात कामं करायचा, बोलायला गोड. 'कामगारांच्या विजयासाठी' खरवडून 'स्वातंत्र्यासाठी' आलं. मावशीला वाटलं, आता खोटं पाडायचे दिवस आलेत, सगळीकडे पुतळे उतरवताहेत, तर आपलाही उतरेल. ती हातात काठी घेऊन नगरपालिकेत गेली. मी सोबत होते. तिने अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. महापौराने तिचा हात हातात घेऊन ऐकलं.

"शिमकोवाबाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण चाळीस वर्षं लोकांनी इतकं खोटं पचवलंय, की त्यांना आता एक तरी निर्मळ गोष्ट लागते. ही एक राहू दे त्यांना."

"तुमची निर्मळ गोष्ट माझ्या छाताडावर उभी आहे," मावशी म्हणाली.

महापौराने तिला गाडीने घरी सोडायची व्यवस्था केली.

त्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी एक परकी बाई माझ्या दुकानात शिरली. साठीची, चांगला कोट घातलेली. जर्मनमध्ये विचारलं, समोरच्या घरात पूर्वी लांगर राहायचे, तेच ना हे? माझी आजी जर्मन बोलायची, त्यामुळे मला भाषा येते. मी म्हटलं, "तुम्ही हेडविग?" तिने मान डोलावली आणि खुर्चीत बसली.

मी मावशीला खाली बोलावलं. दोघी एकमेकींसमोर बसल्या आणि मी मधे, इकडचं तिकडे करत. लांगर जर्मनीत, बव्हेरियात, पहिल्याच हिवाळ्यात निर्वासितांच्या बराकीत न्यूमोनियाने गेला होता. पुलाबद्दल त्याने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. हेडविग फक्त घर बघायला आली होती. मावशीने सांगायला सुरुवात केली, आणि हेडविगचा चेहरा मी हळूहळू घट्ट होताना बघितला.

"तुम्हाला हे तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले. मास्तरांना बोलले. पुलावर ओरडले, तुम्ही तिथेच होतात, गाडीच्या बाजूला."

"मला कोणी ओरडल्याचं आठवत नाही," हेडविग म्हणाली. "सगळेच ओरडत होते. तुम्ही किती मोठ्याने ओरडलात?"

हे मला चेकमध्ये सांगवेना. पण मावशीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "सांग. जे म्हणाली ते सांग." मी सांगितलं. मावशीने मांडीवरच्या हातांकडे बघितलं. "पुरेसं नाही," ती म्हणाली. "सांग तिला, पुरेसं मोठ्याने नाही."

या वेळी मात्र नगरपालिकेला सत्य हवं होतं. काळच तसा आला होता; सीमेपलीकडच्या गावांशी मैत्रीचे करार होत होते, बसेस भरभरून पाहुणे येत होते. महापौर हेडविगला दारापर्यंत घ्यायला आला. पण त्याला सत्य त्याच्या मापाचं हवं होतं. महिनाभरात त्याने आराखडा दाखवला: पुतळ्याखाली पितळी फलक, त्यावर दोन हात एकमेकांत गुंफलेले. एक चेक, एक जर्मन. शिमेक आणि लांगर, दोन शेजारी, दोघांनी मिळून पूल वाचवला.

"मिळून?" मावशी म्हणाली. "अहो, लांगरकाका घरी जाऊन कॉफी प्यायले तेव्हा हा तळघरात घोरत होता."

"प्रतीक आहे हो ते," महापौर म्हणाला.

मावशीने हेडविगकडे बघितलं. हेडविगने चष्मा पुसला. मला म्हणाली, "त्यांना सांगा, माझ्या वडिलांचं नाव या गावात कुठेच नाही. कबरीसुद्धा उखडल्यात आमच्या. अर्धं तर अर्धं. मी नाही म्हटलं तर हेही मिळणार नाही." मी सांगितलं. मावशीच्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते. त्या बाईला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

मे महिन्यात मावशी नेहमीसारखी केस करायला आली. 'मेल्याला तोंड दाखवायचंय' मात्र म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी पुलावर बँड, झेंडे, दोन बस भरून जर्मन पाहुणे. मी दोरीच्या अलीकडे, गर्दीत. महापौराचं भाषण झालं, फलक उघडला, टाळ्या पडल्या. कार्यक्रमात मावशीचं बोलणं नव्हतंच. पण पुष्पचक्र वाहून ती परत वळली ती सरळ माईकपाशी गेली.

"हा हात बघा," ती म्हणाली आणि डावा हात वर धरला. "ही करंगळी याने मोडली. हा जो वर उभा आहे, त्याने. हा बूट चोरताना मेला. पूल लांगरने वाचवला, एकट्याने, आणि आपण त्याच्या लेकराच्या अंगावर थुंकलो. या फलकावर चोराचा हात कापून टाका आणि—"

माईक बंद पडला. बँडमास्तरला कोणीतरी खूण केली आणि तुताऱ्या सुरू झाल्या. आमची माणसं खाली बघत होती. कोणीतरी पुटपुटलं, "वय झालंय आता." आणि पाहुण्यांच्या बाजूला नगरपालिकेची दुभाषी मुलगी हसऱ्या चेहऱ्याने सांगत होती, मी माझ्या कानांनी ऐकलं: "शिमेक यांच्या पत्नी फार भावुक झाल्या आहेत. त्या म्हणतात, हे हात असेच एकमेकांत राहोत."

जर्मन पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हेडविग उठली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिने मावशीला घट्ट मिठी मारली. मावशीचे हात तिच्या कोटावर तसेच लोंबत राहिले. फोटो निघाला. मी दोरीखालून शिरायला बघितलं तर पोलिसाने अडवलं. पाहुण्यांना जेवायला नेत होते, यादीत माझं नाव नव्हतं. संध्याकाळी बसेस गेल्या.

मावशीने मला काय विचारलं माहितेय? "तिला काय सांगितलं गं त्या पोरीने? तिने मिठी का मारली?" मी सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की शेवटी खोकला आला आणि मला पाणी आणावं लागलं.

त्यानंतर ती पुतळ्यापाशी गेली नाही. बोलवायला येणाऱ्याला दाराआडून सांगायची, "विधवा मेली." तिने शिवणाच्या कात्रीने स्वतःच केस पार बारीक कापले. मला म्हणाली, "तुझं एक गिऱ्हाईक कमी झालं, राग मानू नकोस." तिला आईशेजारी पुरायचं, टेकडीपलीकडच्या गावात, हे मात्र तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं. माहेरच्या नावाने.

तिसऱ्या हिवाळ्यात ती गेली, रात्री झोपेतच. मी नगरपालिकेत जाऊन तिची इच्छा सांगितली. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, "बाई, वीराच्या कबरीत पत्नीची जागा पहिल्यापासून राखलेली आहे. पाहुणे तिथे येतात. पत्नी दुसरीकडे असली तर कसं दिसेल?" नातलग कोणी नव्हतं, माझ्या शब्दाला किंमत नव्हती. तिला ओताकारशेजारी ठेवलं. बँड होता. दगडावर लिहिलं, 'आणि त्याची एकनिष्ठ पत्नी ब्लाझेना शिमकोवा'. मी नगरपालिकेतल्या बायकांना म्हटलं, किमान 'एकनिष्ठ' तरी काढा. त्यांना वाटलं, मी काहीतरी वेगळंच सुचवतेय.

आठवड्याने हेडविगचा फोन आला. बातमी कळली होती, रडत होती. मी तिला त्या दिवशी मावशी माईकवर खरं काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगितलं. करंगळी, बूट, थुंकणं, चोराचा हात.

"असं म्हणाली ती?"

"असंच."

"माझी नातवंडं गेल्या उन्हाळ्यात तो फलक बघून आली," हेडविग म्हणाली. "पणजोबांचं नाव पितळेत बघून खूश झाली. आता त्यांना मी काय सांगू?"

तिने नाक शिंकरलं आणि विचारलं, फुलं कुठल्या पत्त्यावर पाठवायची. मी दफनभूमीचा पत्ता सांगितला, शिमेकच्या कबरीचा.